‘वेगळं’ म्हणायचं नाही

माझा आवाज ठाण्यापासून कल्याणपर्यंत किती लोकांनी ऐकला असेल देव जाणे, पण चेहऱ्याने मला आमच्या गल्लीतला भाजीवालाही लवकर ओळखत नाही. मी टेलिफोन ऑपरेटर होते. ठाण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात, तळमजल्यावर, जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत, निवृत्त होईपर्यंत. लोक विचारायचे, काय करता? ऑपरेटर आहे म्हटलं की, ‘अच्छा, ऑपरेशन थिएटरमध्ये?’ सुरुवातीला मी खुलासा करायची. नंतर नुसती ‘हो’ म्हणायला लागले, तेवढाच भाव वाढायचा.

आमचं काम जोडून देण्याचं. बाहेरून फोन आला की कोण हवंय ते ओळखायचं आणि त्या वॉर्डला लाइन द्यायची. बटणं दाबायची, त्यात काय मोठंसं, असं माझ्या सख्ख्या नणदेला अजून वाटतं. एकदा बसून बघा म्हणावं. फोन करणारा कधी सरळ सांगत नाही. तो रडतो, ओरडतो, गावापासून सुरुवात करतो. मला नुसत्या श्वासावरून कळायचं. बाळंतपणाचे फोन धापा टाकत पण मोठ्या आवाजात येतात. अपघाताचे हळू येतात, इतके हळू की रिसीव्हर कानात खुपसावा लागतो.

माझ्या आधीच्या बाईंनी मला दोन नियम शिकवलेले. समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही, कारण माणसाला खरा प्रश्न ‘बरं, ठेवतो’ म्हटल्यावरच आठवतो. आणि बातमी आपण द्यायची नाही. पेशंट गेला हे आपल्याला ठाऊक असलं तरी आवाजात काही येऊ न देता ‘एक मिनिट हं, वॉर्डला जोडून देते’ एवढंच म्हणायचं. सांगणं हे डॉक्टरांचं काम. मी दोन्ही नियम पाळले आणि त्याचा मला अभिमान होता. वाईट बातम्या माझ्या हाताखालून रोज जायच्या. तोंडातून एकही गेली नव्हती.

मग कोरोना आला. घरीच राहून औषध घेणाऱ्या पेशंटांसाठी रुग्णालयाने एक नंबर सुरू केला. डॉक्टरांना श्वास घ्यायला सवड नव्हती, तेव्हा फोन आमच्याकडे आणि समोर छापील उत्तरांचा कागद. अडलं तर आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारायचं, त्या प्लास्टिकच्या पोशाखातून दारात उभ्या राहून ओरडून सांगायच्या. लोकल गाड्या बंद होत्या, त्यामुळे आम्हा डोंबिवलीकरांसाठी रुग्णालयाची बस असायची. सगळं जग घरात बसलेलं असताना शीळफाट्याला ट्रॅफिक कसा लागायचा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

लोक काय काय विचारायचे! दुधाची पिशवी साबणाने धुवायची का? पेपरला इस्त्री फिरवली तर चालेल का? कोपरीचे एक काका रोज फोन करायचे. त्यांच्या वरच्या मजल्यावर पॉझिटिव्ह निघालेला आणि त्या न्हाणीघराचा पाइप यांच्या भिंतीतून खाली उतरत होता. पाइपातून नाही येत हो काका, असं मी किती वेळा सांगितलं असेन. त्यांना उत्तर नको होतं, कोणीतरी बोलायला हवं होतं, हे मला उशिरा कळलं.

शीळफाट्याच्या पुढे एका अर्धवट इमारतीवरचा वॉचमन होता. मजूर गावी निघून गेलेले, तो एकटाच राखणीला. त्याचा प्रश्न एकच. ‘मॅडम, मी तर एकटाच आहे, मला कोणाकडून लागणार?’ मी म्हणायची, एकटे आहात तर नाही लागणार. ‘मग ठीक आहे,’ म्हणून तो ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारायचा. मग एके दिवशी त्याचा फोन आलाच नाही. त्याच्या नंबरवर मी दोन-तीनदा करून बघितला, बंद लागला. तो गावी गेला असेल असं मी धरून चालले, अजूनही धरून चालते.

कागदावर सगळ्यात वर शब्द होता विलगीकरण. हा शब्द फोनवर एकालाही धड कळला नाही. डोंबिवलीच्या एका निवृत्त गृहस्थांना तो विलीनीकरण ऐकू आला आणि त्यांनी काळजीने विचारलं, आता कुठली बँक? म्हणून मग आम्ही सगळ्याच साधं सांगायला लागलो, ‘पेशंटला वेगळं ठेवा.’ वेगळी खोली, वेगळं संडास-बाथरूम, वेगळं ताट. सोपं आहे, पोरालाही कळेल. एका माणसाला मात्र ते फारच नीट कळलं, त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

दुसरी लाट होती. गुरुनाथ नावाच्या माणसाचा फोन आला. डोंबिवलीजवळ कोपरच्या बाजूला, खाडीलगतच्या गावातलं जुनं आगरी घर. आधी मिठागर आणि भातशेती, मग जमिनीला भाव आला तसा तीन मजली बंगला. आई-वडील, दोघे भाऊ, सुना, नातवंडं, सगळे एकत्र. आईला ताप आलेला, तपासणीत कोरोना निघालेला. ऑक्सिजन चांगला होता, घरी ठेवायला हरकत नव्हती. काळजी होती ती वडिलांची. ऐंशीच्या घरातले, मिठागरावर जन्म गेलेला, छाती आधीपासून खराब, डोळ्यांना कमी दिसायचं. त्यांना लागला तर ते काही निभावणार नाहीत, हे गुरुनाथलाही कळत होतं. मी कागदावरचं सगळं सांगितलं. आईला वरच्या मजल्यावर वेगळं ठेवा, वडिलांना तिच्यापासून लांब ठेवा.

दुसऱ्या दिवशी त्याचा परत फोन. ‘मॅडम, आई ऐकतच नाय. मी बोललो तुला वेगळं ठेवायचंय, तर ती जाऊन बाबांच्या खाटेवर बसली. उठतच नाय. जेवत पण नाय.’

मी चिडले. मास्क लावून नीट समजावा म्हटलं, इतकं मोठं घर आहे आणि एक म्हातारी तुम्हाला वर नेता येत नाही? मग तो हळूच सगळं सांगायला लागला.

त्या घरात ‘वेगळं’ हा शब्द कुणी काढायचा नाही, असा आईचा दंडकच होता. जमिनीचे पैसे आले तेव्हा भाऊ भाऊ भांडलेले. गावातली निम्मी घरं त्या पैशापायी फुटली, कोणी वेगळी चूल मांडली, कोणी कोर्टात गेलं. हिने मात्र दोघांना समोर बसवून सांगितलेलं, मी जिवंत आहे तोवर या घरात कोणी वेगळं होणार नाही. आणि आज गुरुनाथने, धाकट्या मुलाने येऊन तिलाच सांगितलं, आई, तुला वेगळं ठेवायचंय. ताप, तपासणी, डॉक्टर हे सगळं तिच्या लेखी निमित्त होतं. पोरांनी डाव साधला आणि सुरुवात आपल्यापासून केली, एवढंच तिला कळलं.

मी म्हटलं, फोन द्या त्यांच्याकडे. हे आमच्या नियमात बसत नव्हतं. आम्ही पेशंटशी बोलत नसू, बोलणाऱ्या नातेवाइकाशी बोलायचो. पण मघाशी उगाच चिडल्याचं मनाला लागलेलं.

चांगुणाबाई तिचं नाव. आवाज खणखणीत, ताप असल्याचं वाटतही नव्हतं. मी कोण, कुठून बोलते ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बाय, मना कनाला वेगली काढतान? मी काय केलंय?’

आजार एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात जातो, हे मी तिला सांगू शकले असते आणि तिने ते ऐकूनही घेतलं असतं. पण वेगळं ते वेगळंच राहिलं असतं. आयुष्यभर बाळंतपणाचे फोन जोडले म्हणून असेल, मला एकदम सुचलं. मी विचारलं, आजी, तुमची बाळंतपणं कुठे झाली? ती चक्रावली. मग म्हणाली, याच जागेवर, जुन्या घराच्या आतल्या खोलीत. मी विचारलं, तेव्हा तुम्हाला घरच्यांनी वेगळं काढलेलं का?

‘नाय गो. बालंतीन ती. तिला कोन वेगली काढंल?’

मग मी बोलतच गेले. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचा माणूस येत नाही. ताट दारात येतं. तिचं अंथरूण-पांघरूण कोणी वापरत नाही. नवरासुद्धा उंबऱ्याबाहेरून विचारपूस करतो. घरातलं सगळं तिच्याभोवती फिरतं, आणि दिवस भरले की ती न्हाऊन बाहेर येते. तसंच आहे हे. पोरं तुमचं बाळंतपण करतायत असं समजा, आजी. फक्त या वेळेला जपायचंय म्हाताऱ्याला.

मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मला हायसं वाटलं, कारण प्रश्न विचारणारा माणूस ऐकणारा असतो. माझं ताट घासणाऱ्या सुनेला लागेल का? साबणाने घासलं तर नाही, म्हटलं. खिडकी बंद ठेवायची का? उलट सताड उघडी ठेवा. म्हाताऱ्याला मासे लागतात आणि काटे दिसत नाहीत, मी काढून देते, आता कोण काढणार? ते काही आमच्या कागदावर नव्हतं. मी म्हटलं, सुनेला शिकवा, वरून ओरडून सांगा. त्यावर ती पहिल्यांदा हसली.

शेवटी तिने विचारलं, ‘नजरंनं लागतो का? खिडकीतून त्याला बघितला तर?’

त्या सगळ्या काळात मी लोकांना ‘कदाचित’, ‘सांगता येत नाही’, ‘काळजी घ्या’ याशिवाय फारसं काही दिलं नव्हतं. या एका प्रश्नाला मात्र मला छाती ठोकून सांगता आलं. नाही आजी, नजरेने अजिबात लागत नाही, हवं तेवढं बघा. तिने मुलाला हाक मारली आणि मी ऐकत असतानाच म्हणाली, चल, माझं अंथरून वरती ने.

त्या दिवशी बसमध्ये मी माझ्या शेजारच्या फोनवर बसणाऱ्या शेजारणीला सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर मिरवलंच. डॉक्टरीणबाईंनीही ती युक्ती उचलली, अडून बसलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना बाळंतपण सांगून खोलीत धाडलं. एका आजोबांना सांगितलं तेव्हा मात्र त्यांना राग आला.

गुरुनाथ रोज फोन करायचा. बाबांनी अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकून घेतली आहे. ते खिडकीखाली बसतात. त्यांना वरचं धड दिसत नाही, तोंड वर करून नुसते बसून राहतात. आई वरून बोलते, सुनेने काटे नीट काढले का ते विचारते. शेजारीपाजारी हसतात. कधी मी वर तिच्याजवळ ठेवलेल्या मोबाइलवर तिलाच लावायची. मला ती ‘बाय’ म्हणायची, जेवलीस का विचारायची. पेशंट असून मलाच जेवलीस का विचारणारी ती एकटीच. माझ्या त्या जिन्याखालच्या खोलीत एवढीच काय ती बरी गोष्ट चाललेली. आजूबाजूला जे चाललं होतं ते लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको.

मग एका दुपारी चांगुणाबाईंनीच फोन केला. खुर्ची रिकामी आहे, म्हणाली. पोरं सांगतात ऊन लागतं म्हणून आत बसलेत, पण खुर्ची सावलीतच असते. मी म्हटलं, विचारून सांगते. गुरुनाथला लावला. त्याने उचलल्या उचलल्या मला कळलं, त्याचा आवाज हळू येत होता. बाबांना रात्रीपासून ताप, ऑक्सिजन उतरलेला, ॲम्ब्युलन्स शोधतोय. ते आमच्याकडेच दाखल झाले. बेड मिळाला हेच नशीब म्हणायचे दिवस होते.

त्यानंतर तो फोन करायचा ते आयसीयूला जोडून घ्यायला. मी जोडून द्यायची. पण जोडायच्या आधी दर वेळेला तो एकच विचारायचा. ‘मॅडम, मी वेगळं बोललो नसतो तर आई लगेच वरती गेली असती. ती खाटेवर बसली त्याच्यातच बाबांना लागला ना?’

कोणाकडून लागला, हा प्रश्न मला सगळ्यांनीच विचारला. मुलीने विचारला, बापाने विचारला, लग्नाला एकदाच जाऊन आलेल्या माणसाने विचारला. कागदावर त्याचं उत्तर नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, ताप यायच्या आधीच एक-दोन दिवस माणूस दुसऱ्याला देऊ लागतो. तिला कळण्यापूर्वीच ती काटे काढून देत होती, तेव्हाही लागला असेल. नंतर खाटेवर लागला असेल. नाहीतर भलत्याच कोणाकडून. कोणी सांगू शकत नाही. मी हे सगळं गुरुनाथला जसंच्या तसं सांगितलं. तो ‘हां’ म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी परत तेच विचारायचा.

चांगुणाबाईंना घरच्यांनी सांगितलेलं की बाबांना साधी धाप लागली म्हणून ठाण्याला नेलंय, लवकर सोडतील. मलाही तेच बोलायला लावलं. मी बोलले. ती ‘बरं’ म्हणायची, फार काही विचारायची नाही. तिचा ताप केव्हाच गेला होता, पण दारामागचे दिवस अजून संपले नव्हते.

एके दिवशी बाबा गेले. पहाटे गेले असणार, मी आले तेव्हा आयसीयूतून निरोप येऊन पडला होता. गुरुनाथचा फोन आला. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, एक मिनिट हं, जोडून देते. जोडून दिलं. नियम पाळला.

दुपारी त्याचा परत फोन. सगळं उरकलेलं. तेव्हा देह घरी न्यायची मुभा नव्हती. गुंडाळलेलं तिकडूनच नेलं, दोघे भाऊ लांब उभे राहिले, तोंडही पाहायला मिळालं नाही. हे सांगताना तो रडला नाही. रडला तो पुढचं बोलताना. ‘मॅडम, आईला तुम्हीच सांगा. ती तुमचंच ऐकते. माझ्या तोंडातून परत काय चुकीचं निघालं तर?’

नाही म्हणायला माझ्याकडे सबळ कारण होतं. सबंध नोकरीचं कारण होतं. डॉक्टर सांगतील, मी म्हणू शकले असते, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलंही असतं. पण तिला मी खोलीत घातलेलं. दाराबाहेर बसून सांगायची ज्याची हिंमत नव्हती तो तिचाच मुलगा होता, आणि का नव्हती ते मला ठाऊक होतं. मी बरं म्हटलं.

काय बोलायचं ते मनाशी जुळवत बसले. आधी तब्येत विचारायची. मग म्हणायचं, आजी, धीर धरा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोनवर हे ऐकलेलं, स्वतः कधी बोलले नव्हते. पाणी प्यायले आणि लावला.

पहिल्याच रिंगला तिने उचलला. मी ‘आजी’ म्हटलं. पुढचं तिने बोलूच दिलं नाही.

‘बाय, तू नको सांगू. मना कललंय.’

कसं कळलं, हे मी विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, आज ताट आलं ते सुनेच्या हातचं नव्हतं. डाळ भावकीतल्या घरची होती, तिला चव ओळखू येते. घरात माणूस गेल्याशिवाय चूल बंद राहत नाही आणि शेजारून जेवण येत नाही. पोरं खाली न रडता बसली होती आणि तिने वर ते ताट संपवलेलं. कारण परत पाठवलं असतं तर त्यांना कळलं असतं की आईला कळलं.

मी म्हटलं, आजी, मला माफ करा. कशाबद्दल ते मलाही नीट सांगता आलं नसतं. ती म्हणाली, तू काय केलंस गो, तू बरंच केलंस. मग तिने विचारलं, अजून किती दिवस आत. थोडेच राहिलेत, म्हटलं, अगदी थोडे, मग तुम्ही न्हाऊन बाहेर यायचं. नेहमीच्या सवयीने म्हणून गेले.

पंख्याची घरघर ऐकू येत होती, आणि लांब कुठेतरी एक मूल खेळत होतं.

‘बालंतीन भायेर येते ती भरल्या हातानं येते, बाय,’ ती म्हणाली. ‘मी काय घेऊन येऊ?’

हा प्रश्न जोडून द्यायला रुग्णालयात कुठलाच वॉर्ड नव्हता. तिने फोन ठेवला नाही. तिने ठेवल्याशिवाय मी ठेवणार नव्हते. बाकीच्या लाइनी वाजत होत्या, त्या शेजारणीने घेतल्या.